येलीकमधले डबे

९ जून

निवृत्त बाईने रोजनिशी लिहायला घेतली की घरचे म्हणतात, हिचं काहीतरी बिनसलं. माझ्या घरी म्हणणारं कुणी नाही, तेव्हा निवांत लिहिते.

तर ठरलं. आमच्या क्रिवोदोल गावापासून वर स्कोकच्या धबधब्यापर्यंतची जुनी पायवाट मोकळी करायची, तिच्यावर खुणा रंगवायच्या आणि तिला माझ्या नवऱ्याचं, हिल्मोचं नाव द्यायचं. तिहोमिर आज शहरातून आला होता. तो तिथल्या गिर्यारोहक मंडळाचा अध्यक्ष झालाय. सहावीत माझ्या जीवशास्त्राच्या तासाला त्याने आकृतीत बेडकाचं हृदय पोटात काढलं होतं, ही आठवण मी त्याला दर भेटीत करून देते. "बाई, वाट तुम्ही शोधा, रंग माझ्याकडून. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी वीस-पंचवीस माणसं घेऊन येतो," म्हणाला.

त्याच आठवड्यात अमिला ऑस्ट्रियातल्या लिंझहून येते, उनाला घेऊन. माझी लेक बापाच्या गावात दोन रात्रींहून जास्त टिकत नाही. दरवर्षी तेच: "आई, घर विकून टाक. तिथे राहिलंय कोण?" उना आठ वर्षांची झाली. आजोबा म्हणजे तिच्या लेखी भिंतीवरचा एक मिशाळ फोटो. लग्नाआधी हिल्मो मला याच वाटेने स्कोकला घेऊन गेला होता. त्या दोघी एकदा या वाटेने चालल्या की घर विकायचं नाव निघणार नाही, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, त्याच आशेवर आहे.

लढाईत पुरलेल्या सुरुंगांचा सरकारी नकाशाही बघून आले. समोरचा ग्रादिना डोंगर लालेलाल, म्हणजे सुरुंगांचा. आघाडी तिकडे होती. हिल्मोही तिकडेच गेला, पण लढाईत नाही, लढाई संपल्यावर. मी नि अमिला मारिबोरच्या निर्वासित छावणीतून परत येऊन जेमतेम महिना झाला होता. पहाटे अळंबी आणायला म्हणून गेला आणि सुरुंगावर पाय पडला. झुल्फोने, त्याच्या धाकट्या भावाने, त्याला खांद्यावरून खाली आणलं. इतका शहाणा माणूस अळंबीसाठी ग्रादिनावर कशाला तडमडला, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. झुल्फोला विचारलं की तो उठून गाईकडे जातो.

आमची बाजू मात्र नकाशावर पांढरीशुभ्र आहे.

१२ जून

झुल्फो कॉफीला आला. त्याला वाटेचं सांगितलं. आधी खूश झाला, हिल्मोचं नाव ऐकून डोळे पुसले. मग मी म्हटलं, वाट येलीकच्या राईतून नेणार. त्याने कप खाली ठेवला.

"वहिनी, लाकूडतोड्यांच्या रस्त्याने न्या. चांगला रुंद आहे, ट्रॅक्टर जातो."

"ट्रॅक्टर बघायला ऑस्ट्रियाहून कोण येणार? शिवाय दुप्पट लांब. जुनी वाट येलीकमधूनच जाते."

"येलीकमध्ये आहे काय? गोचिडी आणि कुजकी लाकडं. तिकडे काही नाही."

"आणि तुझी अळंबी."

एरवी असं डिवचलं की तो दोन टोमणे परत मारतो. आज नुसता बघत राहिला. "वहिनी, तिकडे काही नाही," पुन्हा तेच म्हणाला आणि निघून गेला.

मनातल्या मनात हसले. आमच्याकडचा माणूस एक वेळ पोटची पोर देईल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. व्रगान्य अळंबी जिथे उगवते ती जागा बाप मुलाला मरतानाच सांगतो, आणि तीही अर्धीच. आणि "तिकडे काही नाही" असं कुणी म्हटलं, तर टोपली उचलून थेट तिकडेच जायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. हे दोघे भाऊ तर पहाटे उठून एकमेकांना चुकवायला उलट दिशांनी निघायचे आणि डोंगरात समोरासमोर यायचे. हिल्मो म्हणायचा, "झुल्फो ज्या बाजूला नाही म्हणेल, त्या बाजूला जायचं. आजवर रिकाम्या हाताने आलो नाही."

१९ जून

येलीकमध्ये जाऊन आले. एकटीच.

काय राई आहे! चाळीस वर्षं मुलांना जंगल शिकवलं, पण असं जंगल माझ्याही नजरेत फार आलेलं नाही. बीचची झाडं दोन माणसांच्या कवेत न मावणारी, वर फरच्या झाडांचा काळोख. रानलसूण पिवळी पडून सगळीकडे तिचा वास कोंडलेला. ओल्या दगडावर पिवळ्या ठिपक्यांचा सॅलमँडर बसला होता, मला बघून हललासुद्धा नाही. काळा सुतारपक्षी कुठेतरी ठोकत होता.

वाट गवताखाली गेली आहे, पण पायाला लागते. मध्ये एक मोठा दुभंगलेला बीच आहे, तो मला तेव्हाचा आठवतो. त्याच्या पुढे वाट झऱ्याकडे उतरते. तिथून पुढे एकही बुंधा तोडलेला दिसला नाही. आमचं गाव म्हणजे रात्रीतून कुणाचंही झाड उचलून चुलीत घालणारं. त्यांनी ही राई कशी सोडली? गुरांची पाऊलवाटही नाही. आणि व्रगान्य तर किती! ताटाएवढाल्या, कुणी न कापलेल्या, जागच्या जागी किडे पडून सडलेल्या. झुल्फोचं वय झालं म्हणायचं. स्वतःलाही झेपत नाही आणि दुसऱ्यालाही खाऊ देत नाही.

पण तिथेच डोकं फिरलं. त्या बीचपासून पुढे दोन्ही बाजूंच्या फांद्यांना बिअरचे रिकामे डबे टांगलेत. उलटे, तारेने आवळून. काही गंजून चाळणी झालेले, काही अगदी नवे. वारा आला की एकमेकांना लागून वाजतात. सगळ्या राईत तेवढाच एक आवाज. मला उगीचच कसंतरी झालं आणि मी झऱ्यापर्यंत न जाता परत फिरले.

२० जून

शेजारच्या देवलाला डब्यांचं विचारलं. तिच्या नवऱ्याचं गावात कॉफी-बिअरचं दुकान आहे.

"ते झुल्फोचे उद्योग. दुकानामागून रिकामे डबे वेचून नेतो. दर वसंतात."

"म्हणजे हा पितो?"

"झुल्फो? अगं, तो लग्नात सुद्धा सरबत मागतो."

"मग टांगतो कशाला?"

"मला काय ठाऊक? मी येलीकमध्ये पाऊल टाकत नाही."

"का?"

देवला विचारात पडली. "कुणीच नाही टाकत. झुल्फो फार ओरडतो. एकदा आमच्या ह्यांच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन धावला होता, लाकडं आणायला गेले तर."

घ्या! अळंबीसाठी कुऱ्हाड. डबे म्हणजे याच्या जागेच्या खुणा, आणि दुसऱ्याला बुजगावणं. माणूस म्हातारा झाला तरी हाव म्हातारी होत नाही.

मजा म्हणजे त्याने माझ्या घरी अळंबी कधी खाल्लेली मला आठवत नाही. हिल्मो गेल्यापासून तर ताटातली बाजूला सारतो. सगळी विकत असणार.

१ जुलै

झुल्फो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या इस्पितळात गेला. महिनाभर मुलाकडे राहणार. गाडीत बसताना म्हणाला, "वहिनी, मी येईस्तोवर येलीकला हात लावू नका."

"तू आधी बरा हो."

"शब्द द्या."

"अरे, वाटेत खायला बुरेक दिलंय, गरम आहे तोवर खा."

शब्द मी दिला नाही. तेवढं मी सांभाळलं. गाडी वळेपर्यंत तो मान मागे करून माझ्याकडे बघत होता.

८ जुलै

मांजर गेलं की उंदरांची जत्रा. तिहोमिर रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन हजर झाला. दिवसभर खपलो. लाल कड्यात पांढरा ठिपका, अशी आपल्याकडची वाटेची खूण. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, हा नियम. दुभंगलेल्या बीचवर मी स्वतः रंगवली, आणि चांगली गोल आली.

बीचपासून पुढे सगळा कचरा काढला. दोन मोठ्या पिशव्या भरून डबे निघाले. तारा इतक्या घट्ट पिळलेल्या की पक्कड लागली. तिहोमिर सुरुवातीला जरा घुटमळला. म्हणाला, "बाई, कुणी मुद्दाम लावलेत असं वाटतं."

"मुद्दामच लावलेत. माझ्या दिराने, अळंबीला पहारा म्हणून."

मग तोही हसला. "माझी आजी अळंबीच्या जागेवर जुना परकर टांगायची."

झऱ्याकाठी एक आडवं लाकूड आहे, त्यावर बसून भाकरी आणि चीज खाल्लं. शेजारी नेच्यांमध्ये एक खळगा होता, परातीएवढा, पाण्याने भरलेला. रानडुकरांनी उकरला असणार. त्यात पिवळ्या पोटाचे बेडूक होते. एकाला उलटा करून तिहोमिरला दाखवला, म्हटलं, हृदय कुठे असतं ते आता तरी बघून ठेव.

खळग्याच्या कडेला शेवाळात एका टोपलीची कडी सापडली. टोपली कुजून गेलेली, कडी तेवढी राहिली. कुणीतरी तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली होती, वेढ्याला वेढा लावून, एवढी निगुतीने की आमच्या हिल्मोची आठवण झाली. तो गिरणीत वायरमन होता, त्याच्या हातचं काम असंच असायचं. कडी घरी आणली. रंगाचा डबा धरायला कामाला येईल.

परत येताना डबे वाजत नव्हते. इतकी शांतता की आपलाच श्वास ऐकू यावा. तिहोमिर म्हणाला, "बाई, किती छान वाटतंय ना?" मी हो म्हटलं.

२३ जुलै

भंगारवाला डबे घेऊन गेला. ब्याद टळली.

१० ऑगस्ट

अमिला आणि उना आल्या. उना बोटभर उंच झाली आणि गप्पा हातभर. अंगणातल्या आलुबुखाऱ्याला मी एक लाल-पांढरी खूण रंगवून दिली आणि खेळ शिकवला: पुढचा ठिपका आधी कोण बघतो. जो आधी बघेल तो पुढे पळणार. दिवसभर "आजी, दिसला!" चालू आहे. मी मग घराच्या कुंपणावर, गोठ्यावर, विहिरीवर खडूने ठिपके काढले. पोरगी ससाण्याच्या डोळ्यांची आहे.

अमिलाने विचारलं, "ही बाबांची वाट?"

"हो."

"पण बाबा तर ग्रादिनावर गेले ना?"

"मरायला ग्रादिनावर गेले. जगायला इकडे जायचे," मी म्हटलं. ती हसली आणि मग तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. किती वर्षांनी.

१३ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस चांगला चालला होता, झुल्फोने नासवला.

दुपारी मुलाच्या गाडीतून परत आला, काठी टेकत. सगळे अंगणात बसलो होतो. अमिलाने त्याच्या गळ्यात हात टाकले, उनाने काठी मागून घेतली. मी कॉफी ओतत सांगितलं की उद्या सकाळी निघायचं, वाट तयार आहे, येलीकमधून.

"येलीकमधून?"

"बघ तरी एकदा. आरशासारखी लख्ख केलीय."

"आणि डबे?"

"तुझे डबे भंगारात गेले. रागावू नकोस, उद्या अळंबीला कुणी हात लावणार नाही."

कपातली कॉफी त्याच्या मांडीवर सांडली. गरम होती, पण त्याला कळलं नाही. मग त्याची नजर माझ्या पायाशी गेली. रंगाचा डबा मी त्या तारेच्या कडीला अडकवून ठेवला होता. त्याने ती कडी उचलली. बोटांनी तारेचे वेढे चाचपले, एकेक.

"ही कुठे मिळाली?"

"झऱ्यापाशी. तुझी आहे का?"

तो म्हणाला, "वाट रस्त्याने न्या, वहिनी."

"का? एक तरी कारण सांग. तिकडे काही नाही म्हणू नकोस, ते आता मला पाठ झालंय."

त्याने तोंड उघडलं. अमिलाकडे बघितलं. अमिला त्याच्याकडे बघून हसत होती, तिला वाटलं आमचं नेहमीचं भांडण आहे. त्याने तोंड मिटलं. कडी घेऊन उठला आणि काठी उनाच्या हातातच सोडून लंगडत गेला.

एवढा आटापिटा कशासाठी, तर अळंबीसाठी? माणसाला वयाबरोबर थोडी तरी अक्कल यावी. पण खरं सांगायचं तर मला नीट वाटत नाहीये. त्याचा चेहरा मी असा एकदाच बघितला होता, हिल्मोला खाली आणलं त्या दिवशी. उद्याचं सगळं ठरलंय, आता कशाला उगीच मन कच्चं करा.

१४ ऑगस्ट

उना झोपली. तिचे दोन्ही पाय जागेवर आहेत. पांघरूण काढून बघितले, पुन्हा बघितले.

आज लिहवत नाही.

१६ ऑगस्ट

लिहिते. लिहायलाच हवं.

रविवारी आम्ही तेवीस-चोवीस जण होतो. ऊन चांगलं पडलं होतं. उना पुढे, "दिसला, दिसला" करत. निघताना देवला म्हणाली की झुल्फोने पहाटेच तिच्या नवऱ्याला उठवून ट्रॅक्टरवरून रस्त्याने वर न्यायला लावलं. मी म्हटलं, गेला असेल अळंबी वाचवायला. लोक हसले. मीच हसवलं.

दुभंगलेल्या बीचपाशी झुल्फो वाटेत बसला होता. आडवाच. शस्त्रक्रियेचा पाय सरळ पसरलेला, मांडीवर ती कडी.

"इथून पुढे कुणी जायचं नाही," तो म्हणाला.

तिहोमिर पुढे झाला. "काका, तुमच्या अळंबीला धक्का लागणार नाही, मी जबाबदार." पुन्हा सगळे हसले.

"झुल्फो, ऊठ," मी म्हटलं. "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"वहिनी, रस्त्याने न्या. पाया पडतो तुमच्या."

मला इतका संताप आला की तोंडाला येईल ते बोलले. वीस वर्षं ही राई एकट्याने खाल्लीस, म्हटलं. सख्ख्या भावाच्या नावाची वाट, तीही तुला बघवत नाही, म्हटलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मधूनच अमिलाकडे बघे.

आणि तेवढ्यात उनाचा आवाज आला. "आजी, दिसला!"

आवाज आमच्या मागून नव्हता. झुल्फोच्या पलीकडून होता. आमचं भांडण ऐकून कंटाळली असेल. नेच्यांतून वळसा घालून निघून गेली होती. झऱ्याकडच्या उतारावर तिचं लाल जाकीट दिसत होतं. पुढच्या झाडावरचा ठिपका मीच रंगवला होता, मोठा आणि गोल, लांबून दिसेल असा.

झुल्फो ओरडला. माणूस असा ओरडतो हे मला ठाऊक नव्हतं. "उना! पुतळा! पुतळा हो! पापणी हलवायची नाही!"

ती एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत थांबली. देवाने तेवढी बुद्धी दिली तिला. खेळ वाटला असेल.

मग मागे न बघता तो म्हणाला, "सुरुंग आहेत. कुणी हलू नका."

अमिला धावली. तिहोमिरने तिला दोन्ही हातांनी धरलं, तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला तरी सोडलं नाही. मी उभी होते. मी काहीच केलं नाही.

झुल्फो काठीशिवाय उठला. वाटेने गेला नाही. दगडावरून मुळावर, मुळावरून दगडावर, मध्येच उलट वळून, असा गेला. स्वतःचं अंगण असल्यासारखा, आणि तरी प्रत्येक पाऊल टाकण्याआधी थांबत. तोंडाने तिच्याशी बोलत होता: "शाब्बास माझी गोगलगाय. कोण जिंकणार? उना जिंकणार. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही." तिच्यापाशी पोचला, तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि त्याच दगडांवरून परत आला. गुडघ्यातून रक्त येऊन विजार भिजली होती.

हिल्मोलाही त्याने असाच खांद्यावरून आणला होता. मी तेव्हा अंगणात होते.

उनाला अमिलाच्या हातात देऊन तो तिथेच खाली बसला. लोक एव्हाना एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवत मागे सरकले होते. अमिलाने विचारलं, "काका, आपल्या बाजूला सुरुंग कुणी पुरले?"

"मी."

नंतर जे बोलला ते असं. लढाईच्या दुसऱ्या वर्षी गावात अफवा आली की शत्रू स्कोककडून मागच्या वाटेने उतरणार. तुकडीच्या प्रमुखाने झुल्फोला एकट्याला पाठवलं, चार सुरुंग देऊन. हिल्मो तेव्हा ग्रादिनाच्या आघाडीवर होता. आठवड्याभरात प्रमुख मेला. कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं. झऱ्याच्या वाटेवर सगळं गाव लाकडाला, पाण्याला येणार, आणि तिथे आपणच सुरुंग पुरून ठेवलेत, हे सांगायची त्याला लाज वाटली. लढाई संपली की गुपचूप काढून टाकीन, असं त्याने ठरवलं होतं. पण जमीन उतारावरून सरकली होती, त्याला नेमकी जागा सापडेना.

"त्या सकाळी हिल्मोने दारात विचारलं," झुल्फो म्हणाला, "आज कुठे जावं? मी म्हटलं, कुठेही जा, येलीकमध्ये जाऊ नकोस. तिकडे काही नाही."

पुढे त्याला बोलायची गरज पडली नाही. हिल्मो हसला असेल. टोपली उचलून थेट निघाला असेल.

"एक शब्द," मी म्हटलं. "सुरुंग. एवढा एक शब्द तुला बोलता आला नाही?"

"त्या दिवशी लाज वाटली, वहिनी. त्यानंतर तोंडच राहिलं नाही. मी ग्रादिना म्हटलं आणि सगळ्यांनी मानलं. मग डबे लावत राहिलो."

कडी त्याने माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि त्याला तिथेच बसलेलं सोडून खाली आले. त्याला कुणी आणलं ते मला माहीत नाही.

आता हे लिहिताना सगळ्यात जास्त काय आठवतं, तर सुरुंगाच्या त्या खळग्यातले बेडूक. त्या खळग्याशेजारी बसून मी भाकरी खाल्ली.

१९ ऑगस्ट

सुरुंग काढणाऱ्यांचं पथक सप्टेंबरशिवाय येणार नाही. लाल कवटीच्या पाट्या लावून गेले. अमिला म्हणाली, पाट्या पुरेशा नाहीत. आम्ही दोघी देवलाच्या दुकानामागे गेलो, डबे वेचले आणि बीचच्या अलीकडच्या बाजूने राईच्या कडेकडेने टांगत गेलो. उलटे, तार घट्ट पिळून. माझी बोटं कापली. वारा आला तेव्हा ते वाजले आणि मला बरं वाटलं.

अमिलाने परतीचं तिकीट पुढे ढकललं. घर विकायचा विषय तिने काढला नाही. मला हवं होतं ते मिळालं, आणि असं मिळालं.

झुल्फो रोज सकाळी फाटकापर्यंत येतो. मी दार उघडत नाही. त्याने उनाला वाचवलं. त्याने हिल्मोला मारलं. दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही. त्याला मी माफ केलेलं नाही. मी डबे काढले ते मला तरी कोण माफ करणार? एक वेळ वाटतं हाक मारावी, दुसऱ्या वेळी वाटतं त्याच कुऱ्हाडीने त्याचं फाटक फोडावं.

२७ सप्टेंबर

पथक आठवडाभर काम करत होतं. आज संपवलं. मला आणि झुल्फोला रस्त्यावर बोलावून घेतलं होतं. तो ट्रॅक्टरच्या एका बाजूला उभा, मी दुसऱ्या. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच एवढ्या जवळ.

प्रमुख तरुण आहे, बोलायला मऊ. म्हणाला, तीन सापडले, तिन्ही जिवंत. एक वाटेच्या वळणावर, एक उतारावर. तिसरा झऱ्याकाठच्या लाकडाखाली, जिथे तिहोमिर आणि मी बसलो होतो. हात लांब केला असता तर लागला असता.

"पण आजोबांनी चार पुरल्याचं सांगितलंय," तो झुल्फोकडे वळून म्हणाला. "चौथा मिळत नाही. अजून आठवडाभर शोधावं लागेल. तुम्हाला नक्की आठवतं ना, चारच होते?"

झुल्फोने मान डोलावली. माझ्याकडे बघितलं.

"चौथा शोधू नका," मी म्हटलं. "तो माझ्या नवऱ्याला सापडला."

प्रमुखाने टोपी काढली. खाली राईच्या कडेने आमचे डबे वाजत होते. झुल्फोला चालत उतरता येत नव्हतं. ट्रॅक्टरवर चढायला मी त्याला हात दिला.